नकली कुणाला म्हणता?

लोणखेड्यात सध्या एका जुन्या सिंथेसायझरवरून वाद पेटला आहे. वाद्य यामाहा कंपनीचं, मॉडेल डीएक्स-सेव्हन. एके काळी ते वरातीत वाजलं, कानबाईच्या मिरवणुकीत वाजलं, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजलं. पुढे वाजवणारे आबा थकले, बँड मोडला आणि वाद्य गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेलं. आता गल्लीतल्या पोरांनी ते खाली उतरवलं आहे आणि वर्गणी काढून दुरुस्त करावं का, असा प्रश्न चारचौघांत ठेवला आहे. प्रश्न साधा होता. पण आमच्याकडच्या एका जाणत्या गृहस्थांनी भर बैठकीत त्याचा निकालच लावून टाकला.

त्यांचं म्हणणं असं. हे भंगार आहे, भंगारवाल्याला द्या. सुटे भाग मिळत नाहीत, पैसा पाण्यात जाईल. तोच आवाज आता मोबाइलवर फुकट मिळतो. आणि चौथी गोष्ट त्यांनी आवाज चढवून सांगितली: हे मुळात वाद्यच नाही, ही परदेशी नक्कल आहे. हिनेच आपले सनईवाले, पावरीवाले देशोधडीला लावले. मेलेल्या नकलेत जीव कशाला ओतायचा?

बैठकीतल्या चार माणसांनी माना डोलावल्या. त्या माना डोलल्या म्हणून हा लेख.

भंगाराचं आधी उरकतो. भंगारवाला वजनावर भाव करतो. त्या काट्यावर मिरजेचा तंबोरा चढवला तर तो जळाऊ लाकडाच्या दराने जाईल. वाद्याचा निर्णय ज्याला किलोने करायचा असेल त्याने खुशाल करावा, पण इतरांना शहाणपण शिकवू नये.

सुट्या भागांचं: या यंत्राला सर्वांत आधी लागणार आहे ती तीन व्होल्टची बटण-बॅटरी. सीआर-२०३२ म्हणून मागा, शहाद्यात घड्याळाच्या दुकानातही मिळेल. आतली जुनी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती काढून तिथे होल्डर बसवला की पुढची बॅटरी कुणीही बदलू शकेल. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर कुठल्याही रेडिओ-टीव्हीच्या कारागिराला बदलता येतात. आवाज घडवणाऱ्या मुख्य चिपा मात्र कंपनीने स्वतःसाठीच बनवल्या होत्या, त्या दुकानात मिळत नाहीत, हे कबूल. पण आबांचं यंत्र सुरू केलं की काही पट्ट्या खरखरतात, काही मुक्या राहतात, बाकीच्या स्वच्छ बोलतात. म्हणजे चिपा शाबूत आहेत. मग पैसा पाण्यात कसा जाणार, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही, कारण त्यांनी यंत्र उघडून पाहिलंच नव्हतं.

मोबाइलचं म्हणणं जरा वजनदार आहे, म्हणून त्याला थोडी जागा देतो. डीएक्स-सेव्हनची हुबेहूब गणितं करणारे प्रोग्राम आज आहेत. संगणकावर चालणारा डेक्स्ड नावाचा एक तर फुकट मिळतो, आणि चांगला आहे. कंपनीने १९८३ साली यंत्राबरोबर दिलेले आवाज त्यात सहज वाजतात. पण आबांच्या यंत्रात आता कंपनीचे आवाज नाहीत. या यंत्राच्या पोटात ३२ आवाजांची जागा असते आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचं नाव देता येतं. पोरांनी स्विच दाबला, बटणं एकेक दाबत गेली, तेव्हा दोन ओळींच्या त्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नावं येत गेली: सनई, बीन, पावरी, पावरी-दोन, सुंदरी. ती कुठल्या मोबाइलवर मिळतील? ती आबांनी घडवली आहेत.

घडवणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण न पाहता बोलणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. या यंत्रात आवाज साठवलेला नसतो, तो जागच्या जागी तयार होतो. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता वेगाने हलवायची, की तिच्यातून नवे नवे स्वरांश फुटतात. ही गोष्ट अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली हाती लागली, १९७३ साली त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली आणि यामाहाने तिचा परवाना घेतला. डीएक्स-सेव्हनमध्ये अशा सहा लहरी आहेत आणि त्या एकमेकींना जोडायच्या ३२ तऱ्हा. हे सगळं हाताळायला यंत्रावर गोल फिरवायच्या खुंट्या नाहीत. आहेत ती चपटी बटणं, एक सरकती कळ आणि तो दोन ओळींचा पडदा. त्यामुळे जगभरातल्या बहुतेक वादकांनी कंपनीने दिलेले आवाजच वाजवले, नवे घडवायच्या फंदात ते पडले नाहीत. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाईकाठच्या एका गावात बँडमधल्या माणसाने रात्र रात्र बसून, डोंगरातून सारंगखेड्याच्या यात्रेत उतरलेली पावरी कानात धरून, ती या सहा लहरींतून काढली. याला नक्कल म्हणणाऱ्याने आधी एक आवाज काढून दाखवावा.

आता त्यांच्या लाडक्या चौथ्या मुद्द्याकडे वळतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. हे वाद्य नकली, परकं, म्हणून जपायच्या लायकीचं नाही.

खानदेशातल्या कुठल्याही वरातीत जा. कितीही गाणी होवोत, शेवटी ‘नागिन’ची बीन वाजतेच. रुमालाचं टोक दातांत धरून एक जण बीनवाला होतो, दुसरा रस्त्यावर लोळून नाग होतो. दोन-तीन पिढ्यांनी ही बीन अस्सल मानली आहे. ती कशावर वाजली होती? १९५४ सालच्या त्या सिनेमात, हेमंतकुमारांच्या संगीतात, कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइनवर वाजवली. क्लॅव्हिओलाइन म्हणजे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली बनवलेलं, व्हॉल्व्हवर चालणारं विजेचं वाद्य, आजच्या सिंथेसायझरच्या घराण्यातलं. गारुड्याची भोपळ्याची बीन आणि ही बीन शेजारी ठेवून ऐका. वेगळी आहे. आणि ज्या बीनवर आपण नाचतो, ती ही विजेची आहे. मग नकली कोण ठरलं? आपले नाचणारे पाय?

हे एकटं उदाहरण नाही. नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत गाठली की पुढे अहमदाबाद काही लांब नाही. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला आणि पुढची काही वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी त्यावर काम केलं. मग ते सगळं विसरलं गेलं. त्या कामाच्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या बाहेर आल्या, ऐकल्या गेल्या आणि २०२३ साली प्रकाशित झाल्या, तेव्हा कुठे आपल्याच देशात इतक्या आधी काय घडलं होतं ते आपल्याला कळलं. टेप कुणी फेकल्या नाहीत म्हणून कळलं. तिथेही कुणी जाणते गृहस्थ असते तर?

मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ च्या सुमारास दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रिका केली. तिच्यासाठी रोलंड कंपनीची यंत्रं वापरली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार थक्क झाले, कारण पुढे शिकागोत ज्या संगीताचा गाजावाजा झाला त्याच्याशी तिचं नातं दिसत होतं. चरणजितांच्या त्या रोलंड यंत्रांतलं टीबी-३०३ हे छोटं यंत्र कंपनीने न खपल्यामुळे काही वर्षांतच बंद केलं होतं, आणि शिकागोच्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं होतं. बाजाराने टाकून दिलेली वस्तू कुणाच्या हाती पडते यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं, हे यातून ज्याला दिसत नसेल त्याला आणखी काय दाखवायचं?

परकेपणाचा हा आक्षेप मला नवा नाही. आपल्याकडे तो पेटीवर घेऊन झाला आहे. पेटीचे सूर अचल, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती युरोपातून आली, असं म्हणून १९४० साली रेडिओवरून तिला हद्दपार केलं. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं विद्वान वाद घालत राहिले, आणि त्याच तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांत, कीर्तनांत, नाटकांच्या विंगेत पेटी वाजतच राहिली. आज कुठल्या मंदिरात पेटीला परकी म्हणायची कुणाची छाती आहे? ज्यांनी तिच्यावर बंदी घातली त्यांचे युक्तिवाद आज कुणाला आठवत नाहीत, पेटी आठवते. गंमत बघा, पेटीवर मींड नाही हा जो मोठा आरोप होता, तो या यंत्राला लागूच पडत नाही. डीएक्स-सेव्हनच्या डाव्या हाताला चाक आहे. उजव्या हाताने पट्टी दाबून डाव्या अंगठ्याने चाक सरकवलं की सूर वाकतो. आबांच्या यंत्रात त्या चाकाची धार अंगठ्याने झिजून गुळगुळीत झाली आहे. सनईचा सूर वाकवूनच वाजवायचा असतो, हे त्या माणसाला कळत होतं, म्हणून ते चाक झिजलं. इतकंच काय, तोंडात धरून फुंकीने आवाज कमीजास्त करायच्या कंट्रोलरसाठीही या यंत्रात जागा ठेवलेली आहे.

राहता राहिले देशोधडीला लागलेले सनईवाले. त्यांचं दुःख खरं आहे. दहा माणसांच्या ताफ्याचं काम दोन माणसं आणि एक यंत्र करू लागलं, तेव्हा आठ घरांतली चूल थंडावली. पण ते यंत्राने केलं की बिदागी वाचवणाऱ्या यजमानांनी? सनईचा हा कळवळा ज्यांना आज आला, त्यांच्या घरच्या लग्नात छाती हादरवणारा डीजे होता आणि सनई नावालाही नव्हती. आणि शेवटचं, हे वाद्य माळ्यावर कुजवल्याने कुठल्या सनईवाल्याला काम मिळणार आहे? उलट या यंत्राच्या पोटात पावरी आहे. तीही गेली तर काय शिल्लक राहील?

खंडन झालं. आता करायचं काय, ते थोडक्यात सांगतो.

वाद्य दुरुस्त करावं. पण पहिलं काम पुसापुशीचं नाही, आवाज वाचवण्याचं आहे. ते ३२ आवाज त्या बटणाएवढ्या बॅटरीवर जिवंत आहेत. बॅटरी संपली किंवा कुणी घाईने उपटून काढली, की आबांची सगळी मेहनत क्षणात गेली. म्हणून आधी यंत्राच्या मागच्या पाच पिनांच्या गोल सॉकेटमधून, ज्याला मिडी म्हणतात, ते आवाज संगणकावर उतरवून घ्या. ३२ आवाजांची अख्खी बँक ४१०४ बाइटची असते, मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान. मिडीची पद्धत १९८३ सालची आहे आणि आजच्या लॅपटॉपलाही कळते. ज्या मोबाइलचं एवढं कौतुक चाललं आहे, त्याचा दहा वर्षांपूर्वीचा चार्जर आज जुळत नाही. त्यानंतर बॅटरी, मग कपॅसिटर, मग पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट, या क्रमाने जावं. लोणखेड्यात महाविद्यालयात शिकणारी पोरं आहेत, सोल्डरिंग शिकायला त्यांना याहून चांगलं यंत्र कुठे मिळेल?

दुसरी अट: दुरुस्त करून ते काचेच्या कपाटात ठेवायचं असेल तर वर्गणी काढू नका. ते वाजलं पाहिजे. आबांचे हात आता थरथरतात, पण कुठल्या आवाजात चाक किती सरकवायचं ते त्यांना अजून सांगता येतं. ते सांगायला आहेत तोवर शिकून घ्या.

आणि यामाहाचं नाव घेताना हेही ध्यानात असू द्या. ही कंपनी जन्मली ती एका दुरुस्तीतून. १८८७ साली जपानमधल्या हमामात्सु गावच्या शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा या कारागिराला तो दुरुस्त करायला बोलावलं. त्याने तो उघडला, समजून घेतला आणि मग स्वतःचा बनवला. पहिला ऑर्गन बेसूर निघाला, तेव्हा तो सुरांचं शास्त्र शिकायला बसला. त्या शाळेत कुणी उठून ‘परदेशी पेटी आहे, भंगारात द्या’ म्हणालं असतं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पोरांनो, वर्गणीची वही काढा, पहिलं नाव माझं लिहा. आणि बॅटरीला हात लावण्याआधी आवाज उतरवून घ्या.