कोसंबींचे नाणे आणि नावावाचून शिकवले जाणारे प्रमेय

१/ दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव या मालिकेच्या वाचकांना नवे नाही. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरील इंग्रजी ग्रंथाने इतिहासलेखनाची वाट बदलली, हेही आपण जाणता. परंतु त्यांच्याविषयी एक वाक्य सर्रास फेकले जाते : 'मूळचे गणिताचे प्राध्यापक, इतिहास हा त्यांचा छंद.' स्तुतीच्या सुरात म्हटले जाणारे हे वाक्य निखालस चूक आहे.

२/ आधी विद्यापीठांकडे वळू. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात स्टोकॅस्टिक प्रोसेसेस हा विषय असतो. काळाबरोबर यदृच्छेने बदलत जाणाऱ्या राशींचे हे शास्त्र. मार्कोव्ह, प्वासाँ, वीनर ही नावे विद्यार्थी व्याख्यांसह पाठ करतो. ही माणसे कोणत्या प्रश्नाने अस्वस्थ झाली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढे 'कारहुनेन-लोएव्ह विस्तार' भेटतो आणि तोही असाच घोकला जातो.

३/ तो विस्तार काय सांगतो? तंबोऱ्याच्या तारेचे कंपन मूळ स्वर आणि त्याचे उपस्वर यांत विभागता येते. तसेच यदृच्छेने हेलकावणाऱ्या प्रक्रियेचेही ठरावीक वक्रांत पृथक्करण करता येते. प्रत्येक वक्राला एक यादृच्छिक गुणक आणि त्या गुणकांत परस्पर सहसंबंध नाही. मौज अशी, की हे वक्र आपण लादायचे नसतात. प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारांतूनच ते निघतात आणि सर्वाधिक चढउतार सामावणारा वक्र पहिला येतो.

४/ हा विचार कोसंबींनी १९४३ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये मांडला. निबंधाचे नाव 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस'. तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. कारी कारहुनेन आणि मिशेल लोएव्ह यांचे लेखन त्यानंतरच्या काही वर्षांतले. त्यांनी चोरी केली, असा कांगावा कोणी करू नये. दोघे स्वतंत्रपणे तेथे पोचले. काही ग्रंथकार आता तिन्ही नावे लिहितात. पण ज्या शहरात तो निबंध लिहिला गेला, तेथल्या विद्यार्थ्यालाही हे नाव अभ्यासक्रमाबाहेर अपघातानेच कळावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

५/ आता छंदवाल्यांकडे. प्राचीन आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, केवळ चिन्हे ठोकलेली. मग अगोदरचे कोणते, नंतरचे कोणते? पुष्कळांनी चिन्हांचे अर्थ लावण्यात आयुष्ये घालवली. कोसंबींनी तराजू काढला.

६/ नाणे हातोहात फिरते तेव्हा दर व्यवहारात चांदीचा अगदी किंचित अंश झिजतो. एका नाण्याची झीज किती होईल, हे सांगता येत नाही. पण एकाच वेळी पाडलेल्या हजार नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर संथपणे उतरते आणि वजनांतली तफावत वाढत जाते. ही शुद्ध स्टोकॅस्टिक प्रोसेस आहे! तक्षशिलेच्या नाणेसंचयात त्यांना आढळले, की नाण्याच्या मागच्या बाजूवर तपासणीच्या बारीक खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी. संचय एकदाच पुरला गेला, म्हणजे जमिनीतला काळ सर्व नाण्यांना सारखा. उरलेला फरक चलनातल्या काळाचा. त्यावरून गटांचा क्रम लागतो. पद्धत पारखण्यासाठी त्यांनी ज्यांची साले ठाऊक आहेत अशी आधुनिक चलनी नाणीही हजारोंनी तोलली. (एवढा धीर आज कोणत्या 'इतिहासप्रेमी'कडे आहे?)

७/ १९४१ मध्ये नाण्यांवरील निबंध, १९४३ मध्ये प्रमेय, १९४४ मध्ये जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र, जे आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. या सालांत 'गणिताचा काळ' आणि 'इतिहासाचा काळ' अशी भिंत कोठे घालणार?

८/ एक आक्षेप मात्र खरा आहे. रीमान गृहीतक संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने सिद्ध केल्याचा त्यांचा नंतरचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला त्याने मोठा धक्का दिला. नाण्यांच्या निष्कर्षांवरही नाणेतज्ज्ञांत वाद झाले. पण वाद घालायचा तर त्या आलेखांशी घालावा लागेल. मार्क्सवादी म्हणून डोक्यावर घेणे किंवा मार्क्सवादी म्हणून झिडकारणे, या दोन्ही सोयीच्या पळवाटा आहेत. दोहोंपैकी कोणालाही विचरण म्हणजे काय हे समजून घ्यावे लागत नाही.

९/ म्हणून दोन मागण्या. संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी स्टोकॅस्टिक प्रोसेसेसचा एक तास तक्षशिलेच्या नाण्यांना द्यावा. झीज, सरासरी आणि तफावत शिकवायला याहून सरस उदाहरण मिळणे कठीण. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी 'आमचे गणित कच्चे आहे' हे कौतुकाने सांगणे थांबवावे. पुढील भागात त्या वजनांचा आलेख काढून पाहू. वही-पेन्सिल घेऊन या.