हसावे कोणाला?

दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी आम्ही मुलांस काही अवांतर वाचून दाखवतो. सध्या व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली निघालेली ‘बनगरवाडी’ चालली आहे. मध्यंतरी तालुक्याहून एक विद्वान गृहस्थ पाहुणे आले. त्यांनी मुलांस विचारले, ‘यात विनोद कोठे आहे?’ कोणी बोलेना, तेव्हा स्वतःच उत्तर देते झाले, ‘धनगरांच्या बोलण्यात नि अडाणीपणात!’ झाले! वर्ग खदखदून हसला. एक पोरगा तेवढा हसला नाही. त्याच्या बापाची मेंढरे आहेत. त्या दिवसापासून तो ‘हाय’ म्हणत नाही, ‘आहे’ म्हणतो. आणि बोलतोही फार थोडे.

काय हो विद्वान, आपण पुस्तक वाचले, की त्याचे गाईड? तेव्हाच्या औंध संस्थानातल्या त्या वाडीत फजिती होते ती मास्तराची! शाळा आहे, पण पोरे रानात मेंढरांमागे. नवशिका कोवळा मास्तर, आणि गाव त्याजकडून पाढ्यांपलीकडचे काय काय अपेक्षिते! थट्टा आहे ती चार बुके शिकल्याच्या ताठ्याची. (अध्यापक विद्यालयातून पाठाचे टाचण काखेत मारून आम्ही पहिल्या दिवशी वर्गात गेलो, तो सुगीमुळे समोर तीन मुले! आम्हांस हे कोणी समजावून सांगायला नको.)

अंजीच्या चोळीचेच पाहा. ती चोळी शिवून आणावयास मास्तरास सांगते, आणि बाप कारभारी फुगून बसतो. आमची पोरे येथे फिदीफिदी हसली. तोच मागल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘गुरुजी, चोळी तिची, हौस तिची, मग तिचा बा का रुसला?’ मग जे भांडण जुंपले! मुलगे म्हणाले, गावात नाव जाते. मुली म्हणाल्या, नाव काय आमचेच जाते? घंटा झाली तरी कोणी उठेना. पाहुण्यांच्या उत्तरात ही मुलगी कोठे बसते, ते त्यांनीच सांगावे.

शेकूच्या नांगराला बैल कमी पडतो, तेव्हा त्याची बायको जुवाला खांदा देते. तेथे ज्यास हसू येईल त्याने पुढे यावे; आमच्या वर्गात कोणास आले नाही.

येत्या शनिवारी कारभाऱ्याचे बोलणे त्या मेंढरेवाल्याच्या पोराने मोठ्याने वाचावे, असे आम्ही ठरवले आहे. पाहुण्यांनी अवश्य यावे. त्यांच्यासाठी एक बाक रिकामा ठेवू.