संहिता झिजत नाही, माणूस झिजतो

स्वयंसेवकांनी केले, फुकट वाटले आणि सर्वांचे भले झाले, अशा तीन वाक्यांत मुक्त सॉफ्टवेअरची महती सांगून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. उद्योगपतींच्या परिषदांत ती सांगितली जाते याचे नवल नाही. समाजवादी वर्तुळांतही ती तितक्याच भाबडेपणाने सांगितली जाते, हे मात्र खेदकारक आहे. या महतीतून एक प्रश्न सोयीस्करपणे वगळलेला असतो. ज्याने हे केले तो थकला, तर पुढे काय? २०१९ साली झोपेच्या एका विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. प्रकरण वरकरणी लहान आहे. परंतु सार्वजनिक मालमत्ता, श्रम आणि मक्तेदारी या तिन्ही प्रश्नांची गाठ त्यात पडलेली असल्याने ते नीट समजून घेतले पाहिजे.

स्लीप अ‍ॅप्निया या विकारात झोपेत घशातील श्वासमार्ग वारंवार मिटतो, श्वास काही सेकंद बंद पडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास पुन्हा सुरू करतो. तीव्र विकारात हे तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडते. असा माणूस रात्रभर अंथरुणात असूनही दिवसा पेंगत राहतो. त्याचा रक्तदाब वाढतो, वाहन चालवताना डोळा लागून अपघात होतात. ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’ या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगातील ३० ते ६९ वयोगटातील सुमारे ९३ कोटी ६० लाख प्रौढांना हा विकार कमीअधिक प्रमाणात आहे. त्यांपैकी सुमारे ४२ कोटी ५० लाख लोकांच्या बाबतीत तो मध्यम वा तीव्र स्वरूपाचा आहे.

यावरचा प्रमुख उपाय सिडनी विद्यापीठातील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली जगापुढे मांडला. नाकावर मुखवटा बसवून हवेचा सौम्य पण सतत दाब दिला, की श्वासमार्ग मिटत नाही. ‘सीपॅप’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र ते हेच. मूळ संशोधन विद्यापीठात झाले. उत्पादन आणि बाजारपेठ मात्र हळूहळू मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली.

ही यंत्रे नुसती हवा सोडत नाहीत, नोंदही ठेवतात. श्वास किती वेळा थांबला, दाब किती लागला, मुखवट्यातून हवा किती गळली, यंत्र किती तास चालले, हे सारे यंत्रातील छोट्या कार्डावर रात्रभर लिहिले जाते. फुप्फुस रुग्णाचे, झोप रुग्णाची, यंत्राचा खर्चही बहुधा त्याच्याच माथी. मग ही नोंद कोणाची? न्यायाने उत्तर एकच संभवते. व्यवहार मात्र निराळा होता. नोंद कोणत्या रचनेत लिहिली आहे हे कंपन्या जाहीर करीत नसत. ती सविस्तर वाचण्याची साधने वैद्य व विक्रेते यांच्यासाठी होती. रुग्णाच्या वाट्याला दोनचार आकड्यांचा गोषवारा येई. उलट, पैसे देणाऱ्यांकडे ही माहिती विनासायास पोहोचत असे. अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेच्या नियमानुसार, सुरुवातीच्या तीन महिन्यांतील सलग ३० दिवसांच्या एखाद्या कालावधीत ७० टक्के रात्री किमान ४ तास यंत्र वापरल्याचे सिद्ध झाले, तरच पुढचा खर्च मिळतो. म्हणजे रुग्णावर पाळत ठेवण्यासाठी नोंद उपलब्ध, आणि रुग्णाला स्वतःचा आजार समजून घेण्यासाठी ती बंद!

ही कोंडी ऑस्ट्रेलियातील एका प्रोग्रॅमरने फोडली. कंपन्यांच्या नोंदींची रचना हजारो तास खपून त्याने उलगडली आणि ‘स्लीपीहेड’ नावाचे सॉफ्टवेअर सिद्ध केले. कार्ड संगणकात घालावे आणि आदल्या रात्रीचा प्रत्येक श्वास आलेखावर पाहावा, अशी सोय त्यामुळे झाली. ते त्याने जनरल पब्लिक लायसन या परवान्याखाली विनामूल्य दिले. या परवान्याचे मर्म असे, की सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. मात्र सुधारलेली आवृत्ती वाटणाऱ्याने तीही त्याच अटींवर खुली ठेवावी. खाजगी मालकीच्या कायद्याचाच आधार घेऊन खाजगी मालकीला बांध घालणारी ही युक्ती आहे.

हजारो रुग्ण या सॉफ्टवेअरवर विसंबून राहू लागले आणि त्याच प्रमाणात एका माणसावरचा भार वाढत गेला. कंपनीने नवे यंत्र काढले, की नवी रचना उलगडणे आले. संगणकाची प्रणाली बदलली, की जुने काम पुन्हा करणे आले. शिवाय प्रत्येक वापरणाऱ्याची अडचण त्याच्या दृष्टीने तातडीचीच. कारण प्रश्न त्याच्या श्वासाचा. २०१९च्या प्रारंभी या प्रोग्रॅमरने काम थांबवले. त्याला दोष देण्याचे कोणालाही कारण नाही. ज्या समाजाने त्याच्याकडून वर्षानुवर्षे घेतले आणि त्याच्या श्रमाची कोणतीही तजवीज केली नाही, त्या समाजाला दोष देण्यास मात्र भरपूर कारण आहे.

सुदैवाने परवाना कामी आला. संहिता खुली असल्यामुळे दुसऱ्या स्वयंसेवकांनी ती उचलली, त्याच वर्षी ‘ऑस्कर’ या नावाने नवी आवृत्ती काढली आणि तेव्हापासून ते काम अनेक हातांनी चालू ठेवले. हेच सॉफ्टवेअर कंपनीचे असते, तर कंपनीने हात वर करताच ते कायमचे लयाला गेले असते. मुक्त परवान्याचा हा विजय निःसंशय आहे. परंतु या विजयाच्या भरात एक गोष्ट दृष्टीआड होते. परवान्याने संहिता वाचली; श्रमाची व्यवस्था मात्र काल नव्हती तशीच आजही नाही. भार एका खांद्यावरून अनेक खांद्यांवर गेला, पण तो समाजाने उचलला असे नव्हे.

अर्थशास्त्रात सामाईक मालमत्तेचा वाद जुना आहे. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपली गुरे वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच उजाड होते, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली केले. खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी ते उचलून धरले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले, मत्स्यक्षेत्रे व पाटबंधारे अभ्यासून १९९० साली दाखवून दिले, की लोक स्वतः नियम करून, जबाबदाऱ्या वाटून आणि देखरेख ठेवून सामाईक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत या वादाला निराळे वळण मिळते. संहिता हे असे कुरण आहे, की ते कितीही गुरांनी चरले तरी गवताची काडी कमी होत नाही. येथे झिजतो तो राखणदार. म्हणून केवळ संहिता सामाईक करून भागत नाही. राखणीचा भारही सामाईक करावा लागतो. हे दुसरे काम जो टाळतो, तो सामाजिक मालकीची भाषा बोलतो आणि शोषणाचा व्यवहार चालवतो.

हा दोष रुग्णांच्या एका सॉफ्टवेअरपुरता नाही. २०१४ साली ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचे गंभीर छिद्र आढळले. इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांचा फार मोठा भाग ज्यावर उभा होता, त्या या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक होता! २०२४च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या प्रकल्पात याहून भयंकर प्रकार उघडकीस आला. त्याचा एकटा सांभाळकर्ता आपण थकल्याचे दोन वर्षांपूर्वीच सांगत होता. मदतनीस म्हणून पुढे आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने त्याचा विश्वास संपादन केला आणि जगभरच्या संगणकांत शिरण्यासाठी चोरवाट पेरली. एका दक्ष अभियंत्याच्या ती लक्षात आली म्हणून अनर्थ टळला. थकलेला एकटा माणूस ही त्याची खाजगी अडचण नसून सार्वजनिक धोका असतो, हे यावरून कोणालाही कळावे.

हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला, हे खरे. पण का उभारला? त्यांचे स्वतःचे व्यवहार त्या पायावर उभे होते म्हणून. झोपेत गुदमरणाऱ्या माणसाच्या आलेखावर कोणत्याही कंपनीचा धंदा उभा नाही. उलट, रुग्णाला आपली नोंद वाचता येणे काहींना गैरसोयीचेच वाटते. बाजाराची दानत त्याच्या गरजेपाशी संपते.

मग असे सॉफ्टवेअर कंपन्यांकडेच सोपवावे, म्हणजे जबाबदारी निश्चित होईल, असे काही शहाणे सुचवतात. कंपनीची जबाबदारी कशी असते, याचे उदाहरण ताजे आहे. २०२१च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीला आपली लक्षावधी श्वसनयंत्रे परत मागवावी लागली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम विघटित होऊन त्याचे कण व वायू श्वासावाटे शरीरात जाण्याची शक्यता होती. अमेरिकेतील दाव्यांच्या तडजोडीपोटी २०२४ साली कंपनीने १.१ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. रुग्णाची नोंद पूर्णपणे अशा हातांत ठेवणे म्हणजे आरोपीकडेच पंचनामा सोपवणे होय.

दुसरा आक्षेप असा, की स्वयंसेवकांनी केलेल्या सॉफ्टवेअरला वैद्यकीय मान्यता नसते आणि रुग्ण त्यावरून स्वतःच उपचार करू लागतील. आलेख म्हणजे वैद्य नव्हे, हे मान्यच आहे. परंतु स्वतःच्या शरीराची नोंद वाचणे हा वैद्यकीचा व्यवसाय नसून नागरिकाचा हक्क आहे. अमेरिकेतही शरीरात बसवलेल्या उपकरणांतील नोंदी वाचण्यासाठी रुग्णांना २०१५ साली प्रताधिकार कायद्यातून सूट मिळाली, आणि २०२१ साली ती शरीराबाहेरील उपकरणांनाही लागू झाली. दर तीन वर्षांनी ही सूट नव्याने मागावी लागते, यातच मालकीहक्काचा माज दिसतो. आणि सॉफ्टवेअर तपासलेले नाही ही तक्रार खरी असेल, तर ते सार्वजनिक खर्चाने तपासून घ्यावे, हाच तिचा तर्कशुद्ध निष्कर्ष होय.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो. सेवेला मोल लावले, की सेवाभाव नष्ट होतो, असे जुने कार्यकर्ते कळकळीने म्हणतात. चळवळीचा इतिहास मात्र त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. एका निष्ठावंताच्या खांद्यावर अवघे कार्यालय टाकायचे, त्याच्या त्यागाचे गोडवे गायचे आणि तो आजारी पडला म्हणजे शोकसभेत त्याला ‘आधारवड’ म्हणायचे, ही रीत कोणत्या तालुक्याला अपरिचित आहे? त्याग ही व्यक्तीची थोरवी असू शकते. संस्थेने त्यागावर आपला अर्थसंकल्प मांडणे ही निव्वळ शोषणाची रीत आहे. कारखान्यात आठ तासांच्या दिवसासाठी लढणाऱ्यांनी ध्येयवादी श्रमाला घड्याळ नाकारावे, ही विसंगती आता संपली पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, वैद्यकीय यंत्र विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने नोंदीची रचना जाहीर करणे कायद्याने बंधनकारक व्हावे, म्हणजे ती उलगडण्यात कोणाचे हजारो तास खर्ची पडणार नाहीत. सरकारी रुग्णालये आणि सरकारी आरोग्य योजना यांच्या खरेदीत तरी ही अट आजच घालता येईल. दुसरी, ज्यावर रुग्ण अवलंबून आहेत अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधीतून वेतन मिळावे. जर्मन सरकारने मुक्त सॉफ्टवेअरच्या पायाभूत घटकांसाठी २०२२ साली असा निधी उभारला आहे; हे अशक्य असल्याची सबब त्यामुळे उरत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकसारख्या सार्वजनिक संस्थेत या कामासाठी माणसे नेमता येतील. मालकी सरकारची होण्याचे भय बाळगू नये. परवाना कंपनीला अडवतो तसाच सरकारलाही अडवतो. तिसरी मागणी वापरणाऱ्यांकडूनच करायची आहे. त्यांनी संघटित व्हावे, वर्गणी द्यावी, आणि कोणताही प्रकल्प एका माणसाच्या हाती राहणार नाही, किल्ल्या निदान तिघांकडे राहतील, आणि थकलेल्याला अपराधी न वाटता बाजूला होता येईल, असे नियम करावेत.

स्लीपीहेड संपले तेव्हा ते उचलणारे हात निघाले. प्रत्येक वेळी ते निघतीलच, याची हमी कोणताही परवाना देत नाही. ती हमी संघटना आणि सार्वजनिक निधी यांतूनच येईल; आणि संघटना बांधणे व निधी खेचून आणणे हे समाजवाद्यांचे जुनेच काम आहे. रुग्णांच्या बाबतीतही ते आता हाती घेतले पाहिजे.