फॉरमॅट मारून टाक ना!

डोकं दुखलं की क्रोसिन, पोट बिघडलं की ओवा आणि पीसी हँग झाला की फॉरमॅट. आपल्याकडचे हे तीन हुकमी उपाय. त्यातही शब्द बघा, फॉरमॅट 'करत' नाहीत, 'मारतात'. शिट्टी मारावी, डोळा मारावा, तसा. एकदा मारला की मशीन कसं कोरं करकरीत!

विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं आणि पुढची दहाएक वर्षं प्रत्येक सोसायटीत एक तरी फॉरमॅटवाला पोरगा असायचा. सॅकमध्ये सीडीचं पाउच, तोंडात २५ अक्षरी 'की' पाठ. निळ्या स्क्रीनवर एफ-एट दाबून तो अटी मान्य करायचा (त्या अटी आजवर कुणी वाचल्या असतील तर त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा) आणि मग सेटअप सांगायचा, ३९ मिनिटं लागतील. ती ३९ मिनिटं कधीच ३९ नसायची. तेवढ्यात चहा व्हायचा, पोहे व्हायचे, बिल्डिंगमधल्या भानगडी ऐकून व्हायच्या.

लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या पीसीत बहुतेक वेळा डिस्कचे तीन भाग पाडलेले असायचे. सी मध्ये विंडोज, डी मध्ये गाणी, ई मध्ये सिनेमे. फंडा सिंपल होता, सी उडवायचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. आयडिया झकासच. फक्त एक गोम होती. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोघंही मुक्कामाला सी मध्येच. त्यामुळे कित्येक घरांत गाणी वाचली आणि प्रोजेक्ट रिपोर्ट गेला!

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि फॉरमॅटची साथ पुन्हा पसरली. 'घरचा जुना पीसी आहे, फॉरमॅट मारू का?' हा प्रश्न ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज ऐकू येतो. माझं स्पष्ट मत सांगते. मशीन नुसतं स्लो असेल आणि आत गरगर फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅटचा आनंद चार दिवसांचा. त्यापेक्षा एसएसडी बसवा, फरक डोळ्यांना दिसेल. मशीनमध्ये टीपीएम २.० नसेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० च पुन्हा टाकलं म्हणून ते काही सुरक्षित होत नाही. अशा म्हाताऱ्या पीसीला लिनक्स मिंट फुकटात चांगली चालते, ट्राय करायला हरकत नाही.

पण खरा घोळ फॉरमॅटच्या आधी असतो. 'माझं सगळं कॉपी केलंय' असं म्हणणाऱ्या माणसाला, आपलं सगळं म्हणजे नेमकं काय, हेच माहीत नसतं.

आमच्या काकांचंच बघा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी वर्षानुवर्षं तिच्यासमोर बसून टाइप केल्या. आजी आता नाही. ज्या वह्यांत पहिल्यांदा उतरवल्या होत्या, त्या घर बदलताना रद्दीत गेल्या. उरली एक वर्डची फाइल. काकांनी शहाण्यासारखी ती डी मध्ये ठेवली होती, वर पेनड्राइव्हवरही घेतली होती. "तू फक्त समोर बस गं, तो मुलगा फॉरमॅट मारेल," एवढंच मला सांगितलं होतं. मुलगा बूटेबल पेनड्राइव्ह घेऊन हजर. मी सहज म्हणून काकांची फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली, तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरं, पाउंडाची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेल्या स्वरांची ओली भेळ!

काकांचा चेहरा बघवेना. फाइल करप्ट नव्हती, ती अगदी ठणठणीत होती. भानगड फॉन्टची. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर मराठी टाइप व्हायचं. त्यातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये कंप्युटरच्या लेखी अक्षर रोमनच असायचं, फॉन्ट फक्त त्याला देवनागरी अंगरखा चढवायचा. अंगरखा काढला की आत इंग्रजीचा कचरा. शिवाय प्रत्येक कंपनीची शिवण वेगळी, एकीचा फॉन्ट दुसरीच्या फाइलला चालत नाही. आणि हा अंगरखा टांगलेला असतो कुठे? सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात, फॉन्ट्स नावाच्या कपाटात. म्हणजे जे उडवायला तो मुलगा पेनड्राइव्ह घेऊन बसला होता, नेमकं तिथेच!

"मॅडम, सुरू करू का?"

"थांब जरा!"

मग काकांच्या पीसीवर फाइल उघडली, फॉन्टचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि ते एकच नाही, अख्खं फॉन्ट्स फोल्डर कॉपी केलं. फाइलची पीडीएफ केली, त्यात फॉन्ट आतच बांधला जातो. शेवटी काकांच्या समाधानासाठी प्रिंटही काढली. नवीन टाइप करायचं तर मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल लागतं, पण नुसतं वाचायला फॉन्ट पुरतो. माझ्या लॅपटॉपवर तो टाकला आणि ओव्या जिथल्या तिथे! मुलाने तोवर दोन कप चहा संपवला होता.

असं लपून बसलेलं बरंच काही सी मध्ये असतं. ब्राउझरमधले पासवर्ड. जुन्या आउटलुकची पीएसटी फाइल, जिच्यात कित्येक वर्षांचा मेल असतो आणि जी बऱ्याचदा लपवलेल्या फोल्डरात सापडते. वायफायचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, नाहीतर इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट! लायसन्सचं फार टेन्शन नको, विंडोज १० पासून तेच मशीन आणि तीच एडिशन असेल तर अॅक्टिव्हेशन सहसा आपोआप होतं. बिटलॉकर मात्र जरूर तपासा. नवीन लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपल्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते. ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर तुम्ही न उडवलेला डी ड्राइव्हही तुम्हालाच ओळख दाखवणार नाही.

आणि मशीन विकणार असाल तर उलटी काळजी. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात आणि जुन्या हार्ड डिस्कवर ती रिकव्हरीच्या साध्या सॉफ्टवेअरनेही वाचता येतात. म्हणून विकताना विंडोजच्या रीसेटमधला, ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय निवडा, भले रात्रभर चालू दे. एसएसडीचं गणित वेगळं. तिथे क्विक फॉरमॅटनंतरही गेलेलं परत मिळायची आशा जवळपास नाही, त्यामुळे चुकून मारलात तर हरी हरी.

काकांच्या पीसीवर आता नवं विंडोज आहे. ओव्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या, पण जोडाक्षरं आणि रफार बरेच घसरले. ते एकेक करून काका स्वतः दुरुस्त करतायत. परवा रात्री साडेदहाला फोन आला, "अगं, या नव्या कीबोर्डवर 'कुऱ्हाड'मधला अर्धा र कसा काढायचा?"