हात सोडायचा कधी?

मुलांनो, गेल्या महिन्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. तसा तो जेमतेम दहा सेकंदांचा. पण त्या दहा सेकंदांत आमच्या वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं!

झालं असं, की मनूच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर डोळ्यावरची पट्टी काढणार होते. वहिनींना त्या दिवशी ऑफिसातून रजा मिळेना. मग असं ठरलं, की पट्टी निघाल्याबरोबर मनूने आईला व्हिडिओ कॉल करायचा. मनू सातवीत आहे आणि असल्या कामात एकदम पटाईत!

पट्टी निघाली. मनूने फोन लावला. वहिनींच्या आजूबाजूला सगळे कामात होते. त्यांना त्रास नको म्हणून वहिनी फोन हातात धरून उठल्या आणि लांबलचक पॅसेजमधून टोकाच्या खिडकीकडे चालू लागल्या. मनू सांगत होती, “आई, आत्ताच पट्टी काढली. आणि अगं, आजीला आता दिसत...”

आणि चित्र थांबलं. मनूचं तोंड उघडं ते उघडंच. आवाज बंद.

आता आपली मराठी कशी आहे बघा. ‘दिसत’ इथपर्यंत काहीच कळत नाही. पुढे ‘आहे’ येणार की ‘नाही’, त्यावर सगळं अवलंबून! वहिनी बिचाऱ्या पॅसेजमध्ये उभ्या. दहा सेकंदांनी चित्र हललं, तेव्हा मनू मजेत सांगत होती, “...आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीखसुद्धा वाचली!” वहिनींचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी खटला उभा राहिला. मनू म्हणाली, “आईचा फोन जुना झालाय.” वहिनी म्हणाल्या, “छे! ऑफिसच्या वाय-फायमध्येच दम नाही.” ऑफिसातल्या लोकांनाही तसंच वाटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी छतावरच्या वाय-फायच्या डब्यांची ताकद पार वाढवून टाकली. आणि काय गंमत! पॅसेजमधलं बोलणं आणखीच तुटायला लागलं!

“काका, हे कसं काय? ताकद वाढवली तर बरं व्हायला हवं ना?” मनूने विचारलं.

प्रश्न झकास होता. चला, उत्तर शोधू या.

मोठ्या ऑफिसात एका डब्याने भागत नाही. छताला ठिकठिकाणी पांढरे चपटे डबे लावलेले असतात. त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. प्रत्येक डबा तारेने मागच्या जाळ्याला जोडलेला असतो. आपल्याला फोनमध्ये वाय-फायचं नाव एकच दिसतं, म्हणून वाटतं की सगळीकडे एकच वाय-फाय आहे. पण तसं नसतं. नाव एक असलं तरी डबे वेगळे, त्यांचे नंबर वेगळे आणि शेजारशेजारच्या डब्यांचे चॅनलही शक्यतो वेगळे. एकाच चॅनलवर दोघं बोलू लागले तर गलका होईल ना! आणि साधारणपणे फोन एका वेळी एकाच डब्याचा हात धरतो. म्हणजे चालता चालता पहिल्याचा हात सोडायचा आणि दुसऱ्याचा धरायचा. सर्कशीतला झोकेवाला करतो ना, अगदी तसं!

आता खरा प्रश्न. हात सोडायचा कधी, हे ठरवतं कोण?

तुम्ही लोकलमधून दादरहून ठाण्याला जाताना मोबाईलवर बोलत असाल, तर वाटेत कितीतरी टॉवर बदलतात. तिथे बोलणं चालू असताना फोन फक्त कळवत असतो, “हा टॉवर मला इतका ऐकू येतोय, तो तितका.” कोणत्या टॉवरकडे जायचं, याचा निर्णय कंपनीचं जाळं घेतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे एमॉस जोएल यांना अशा टॉवरबदलाच्या पद्धतीचं पेटंट १९७२ साली मिळालं होतं.

वाय-फायचं मात्र उलटं आहे. इथे निर्णय फोनचा! डबा फार तर सुचवू शकतो, किंवा अगदीच झालं तर हात झटकून टाकू शकतो. पण कोणाकडे जायचं, ते फोनच ठरवतो.

याला थोडा इतिहास आहे. नेदरलँड्समध्ये एन.सी.आर. कंपनीचे इंजिनिअर १९८० नंतरच्या दशकात एका साध्या अडचणीवर काम करत होते. दुकानातली गल्ल्याची यंत्रं हलवली, की दर वेळी नव्याने तारा टाकाव्या लागत. मग बिनतारी जोडणी केली तर? त्यातून वेव्हलॅन नावाचं यंत्र तयार झालं. तिथलेच विक हेस १९९० ते २००० या काळात वाय-फायचे नियम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. पहिला नियम १९९७ साली आला. तेव्हाचा वेग होता सेकंदाला जास्तीत जास्त २० लाख बिट. एका डब्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय त्या पहिल्या नियमातही होती. पण चालता चालता व्हिडिओवर आजीची खुशाली कळवायची, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असणार?

बरं, फोन निर्णय घेतो तो कशावरून? डब्याचा आवाज किती मोठा येतो, त्यावरून. ‘आवाज’ म्हणजे इथे रेडिओलहरींची ताकद, बरं का! ती डीबीएम या एककात मोजतात. शून्य म्हणजे एक मिलिवॉट. दर १० ने खाली गेलं की ताकद दहा पटींनी कमी. म्हणजे उणे ७० म्हणजे एका मिलिवॉटचा एक कोटीवा भाग! इतक्या क्षीण लहरींवरही फोन काम करतो. अ‍ॅपल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे आयफोन साधारण उणे ७० पर्यंत पहिल्या डब्याचा हात सोडायचा विचार करत नाही. त्याखाली गेलं की दुसरा डबा शोधू लागतो. शिवाय दुसरा डबा चांगला ८ ते १२ एककांनी सरस असेल, तरच तिकडे जातो. असं का? नाहीतर दोन डब्यांच्या मधोमध उभं राहिल्यावर फोन इकडून तिकडे, तिकडून इकडे उड्याच मारत बसेल!

आता मनूच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लक्षात आलं असेल. डब्यांची ताकद वाढवल्यावर वहिनींच्या टेबलाजवळचा डबा पॅसेजच्या टोकापर्यंत खणखणीत ऐकू येऊ लागला. फोनला वाटलं, “सगळं ठीक आहे. कशाला सोडू?” पण फोनचा स्वतःचा आवाज तेवढा मोठा थोडाच आहे? त्याची बॅटरी ती केवढी! डब्याचं फोनला ऐकू येतंय, पण फोनचं डब्यापर्यंत पोचत नाही. मग तेच तेच पुन्हा पाठवावं लागतं, आणि बोलणं तुटतं. डोक्यावर दुसरा डबा असताना फोन पहिल्यालाच चिकटून राहतो!

“पण काका,” मनू म्हणाली, “शेवटी त्याने हात सोडला तरी दुसऱ्याचा धरायला इतका वेळ का?”

त्याचं असं आहे. दुसरा डबा गाठायचा म्हणजे तीन कामं असतात.

पहिलं काम शोधाचं. दुसरा डबा कोणत्या चॅनलवर आहे, ते फोनला माहीत नसतं. प्रत्येक डबा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने एकदा “मी इथे आहे” अशी हाळी देतो. फोनला एकेका चॅनलवर जाऊन कान द्यावा लागतो. काही चॅनल रडारही वापरतात. तिथे तर फोनने आधी बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं, असा नियम आहे. वीस चॅनल असे ऐकत बसलं तर दोन सेकंद सहज जातात.

दुसरं काम ओळख पटवण्याचं. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन कसा विचारतो, “कोण? कुणाकडे?” मग वहीत नाव लिहा, वर फोन करून विचारा. ऑफिसातला डबाही तसाच आतल्या संगणकाला विचारतो, “हा आपलाच का?” आणि मग बोलणं गुप्त ठेवण्यासाठी फोन आणि डबा मिळून नव्या किल्ल्या तयार करतात. या सगळ्याला अर्धा-एक सेकंद लागू शकतो.

तिसरं काम तारांच्या जाळ्याचं. वहिनींच्या फोनसाठी आलेली पाकिटं अजून जुन्या डब्याकडेच जात असतात. नवा डबा लगेच जाळ्यात कळवतो, “हा फोन आता माझ्याकडे आहे, त्याची पाकिटं इकडे पाठवा.” हे काम पटकन होतं. फोनचा पत्ता मात्र तोच राहतो, म्हणून कॉल पुन्हा लावावा लागत नाही.

आता हिशेब करा. बोलताना आपला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. दोन सेकंद खंड पडला की १०० तुकडे गेले! त्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ हा शब्द कितीदा मावेल, सांगा बघू? वहिनींच्या बाबतीत तर फोन आधीच कितीतरी वेळ जुन्या डब्याला चिकटून बसला होता. म्हणून दहा सेकंद!

यावर उपाय काय निघाला? उपाय असा, की ही कामं हात सोडल्यावर करायची नाहीत, आधीच उरकून ठेवायची! त्यासाठी वाय-फायच्या नियमांत भर पडली. २००८ साली दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे शेजाऱ्यांची यादी. फोनने विचारलं, की डबा आधीच सांगून ठेवतो, “माझ्या शेजारी कोणकोण आहेत, ते कोणत्या चॅनलवर आहेत.” मग वीस चॅनल धुंडाळायला नकोत, तीन-चार पाहिले की झालं. दुसरी म्हणजे झटपट ओळख. पहिल्या फाटकावर एकदा नीट चौकशी झाली, की त्याच ओळखीवरून बाकीच्या प्रत्येक फाटकासाठी वेगळी किल्ली काढता येते. मग पुन्हा आत विचारत बसायला नको. पुढे २०११ साली तिसरी भर पडली. “पलीकडचा डबा तुला जास्त बरा पडेल,” असा सल्ला डबा फोनला देऊ शकतो. ऐकायचं की नाही, ते मात्र फोनच्या मर्जीवर!

एवढी तयारी असली, की हात सोडून दुसरा धरायला ५० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ पुरतो. म्हणजे आवाजाचे दोन-तीन तुकडे. ती फट फोन स्वतःच बुजवतो, आपल्या कानाला पत्तासुद्धा लागत नाही.

वहिनींच्या ऑफिसातले वाय-फाय सांभाळणारे दादा मोठे चिकित्सक निघाले. त्यांनी फोन हातात घेऊन सगळा पॅसेज दोनदा चालून पाहिला. मग डब्यांची वाढवलेली ताकद उतरवली, पहिल्यापेक्षाही थोडी कमी ठेवली, आणि बंद असलेली शेजाऱ्यांची यादी आणि झटपट ओळख चालू केली. नवा डबा एकही घेतला नाही. वहिनींचा फोनही तोच.

परवा आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मनूने पुन्हा फोन लावला. वहिनी मुद्दाम टेबलापासून खिडकीपर्यंत चालत गेल्या. चित्र एकदाही थांबलं नाही. फोनवर या वेळी आजी स्वतःच होती. ती म्हणाली, “सूनबाई, मला आता सगळं स्पष्ट दिसतंय. तू आज केस विंचरले नाहीस!”

करून पाहा

दोन मित्रांना व्हरांड्याच्या दोन टोकांना उभं करा. एकाने सतराचा पाढा म्हणायचा, दुसऱ्याने एकोणीसचा, दोघांनीही सारख्याच आवाजात. तुम्ही डोळे बांधून एकाकडून दुसऱ्याकडे सावकाश चाला. (मोठ्या कोणाला तरी बरोबर घ्या, म्हणजे धडपडणार नाही.) दुसरा पाढा पहिल्यापेक्षा मोठा वाटला की हात वर करा. जमिनीवर खडूने खूण करायला सांगा. असं पाच वेळा करा. पाचही खुणा एकाच जागी येतात का? मग पहिल्या मित्राला ओरडून पाढा म्हणायला सांगा. खूण कुठे सरकली? त्या खुणेवर उभं राहून त्याला कुजबुजत काहीतरी सांगा. त्याला ऐकू गेलं का? ऐकू गेलं नसेल, तर वहिनींच्या फोनची अडचण तुम्हाला नेमकी कळली!

डोकं चालवा

वहिनी वाय-फायवर बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरल्या. दार बंद झालं आणि बोलणं तुटलं. शेजाऱ्यांची यादी होती, झटपट ओळखही होती. मग या वेळी काय चुकलं? पॅसेजमध्ये फोनला मिळालेली कोणती गोष्ट लिफ्टमध्ये मिळाली नाही? विचार करा, आईबाबांशी वाद घाला. उत्तर पुढच्या अंकात!