काजातून दिसलेला रस्ता

एकोणिसाव्या शतकातली माणसं म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती स्टुडिओत ताठ बसलेली, ओठ मिटलेली. ती चालताना, हसताना कशी दिसत, हे आपण फारसं पाहिलेलंच नसतं. कार्ल स्टर्मरचे फोटो पाहायचे ते यासाठी.

क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, गणित शिकणाऱ्या या तरुणाने १८९३ मध्ये एक छुपा कॅमेरा घेतला. थाळीसारखी चपटी डबी जाकिटाच्या आत, भिंग काजातून बाहेर आणि खिशात उतरलेली दोरी. कार्ल योहान रस्त्यावर कुणी ओळखीचं समोर आलं की तो नमस्कार करी आणि दोरी ओढी. एका गोल काचेवर सहा फोटो मावत. ते संपले की घरी जाऊन काच बदलायची. असे सुमारे ५०० फोटो त्याने काढले. टोपी उचलून अभिवादन करणारे गृहस्थ, हसू न आवरलेल्या बायका, आणि खुद्द नाटककार हेन्रिक इब्सेनसुद्धा त्यांत आहेत.

न विचारता फोटो काढणं मला पटत नाही. त्या बायकांपैकी काहींनी नक्कीच नकार दिला असता. तरीही हे फोटो टिकले याचा मला मनापासून आनंद आहे, कारण त्या रस्त्यावरची मोकळीक दुसऱ्या कुठल्या मार्गाने आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

पुढे स्टर्मर ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक म्हणून नावाजला. दोन ठिकाणांहून एकाच वेळी फोटो काढून त्याने त्या प्रकाशाची उंची मोजली. या अंकातला मुख्य लेख मात्र त्याच्या रस्त्यावरच्या फोटोंवर आहे. तो सावकाश वाचा.