विश्लेषण : वडिलांची जुनी मोटारसायकल ‘व्हिंटेज’ की नुसतीच जुनी? पिंपरी-चिंचवडच्या दुचाकीशौकिनांची कोंडी काय आहे?

निगडीहून देहूरोडमार्गे लोणावळ्याकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर रविवारी सकाळी जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० अशा गाड्यांची रांग दिसली, की चहाच्या टपरीवरची माणसे मोबाइल काढून उभी राहतात. यातील बहुतेक गाड्या तिशी-चाळिशी ओलांडलेल्या आहेत. मात्र कायद्याच्या लेखी त्यातील फार थोड्या ‘व्हिंटेज’ आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट केले. त्यातच पंपांवर आता सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यामुळे घरातील जुनी गाडी ठेवायची, विकायची की भंगारात द्यायची, हा प्रश्न या पट्ट्यातील अनेक घरांत पुन्हा निघाला आहे.

शुल्क नेमके किती वाढले?

खासगी दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षे वैध असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२पर्यंत दुचाकीसाठी हे शुल्क ३०० रुपये होते, ते १ हजार झाले. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने २० वर्षांपुढील दुचाकींसाठी ते २ हजार रुपये केले. आयात केलेल्या दुचाकीसाठी तर ते थेट २० हजार आहे. जीएसटी आणि राज्याचा पर्यावरण कर याशिवाय वेगळा.

खरा फटका मात्र उशिराचा आहे. मुदत संपल्यानंतर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा शुल्क लागते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत उशीर हा अपवाद नसतो, नियमच असतो. गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात कापडाखाली उभी असते, ‘दिवाळीत काढू’ म्हणता म्हणता तीन वर्षे जातात आणि हिशेब १० हजार ८०० रुपयांवर जातो. आमच्या घरी १९९१ची केबी १०० आहे, त्यामुळे हे गणित मी स्वतःच्या खिशाने शिकलो आहे.

दिल्ली परिसरासारखी १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर सरसकट बंदी मात्र महाराष्ट्रात नाही. गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली तर ती वयामुळे बाद होत नाही. धुराच्या तपासणीतही तिला तिच्या काळाचाच निकष लागतो. ३१ मार्च २०००पूर्वीच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९ हजार पीपीएम आहे. नीट ट्यून केलेली टू-स्ट्रोक गाडी यात बसते. ‘जुनी गाडी पीयूसीत पास होतच नाही’ हा गैरसमज आहे. कार्ब्युरेटर साफ न केलेली गाडी पास होत नाही.

मग ‘व्हिंटेज’ म्हणजे काय?

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी यात येते. परिवहन पोर्टलवर अर्ज करायचा, राज्याच्या समितीने गाडी तपासायची, मग ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणी ५ हजारांत.

अट अशी, की ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती चालवायची. म्हणजे भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षे जावावरून जाणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर तिची व्हिंटेज नोंदणी केली, तर तो तिच्यावरून भाजी आणायला जाऊ शकत नाही. कायदा तिला वस्तुसंग्रहालयातील वस्तू मानतो, मालक वाहन मानतो.

पैशांचा हिशेबही उलटा आहे. १९७४ची देशी जावा नेहमीच्या नोंदणीत ठेवली, तर दहा वर्षांत दोन नूतनीकरणांचे ४ हजार रुपये होतात. व्हिंटेज नोंदणीत २० हजार. उलट एखाद्याकडे जुनी बीएसए किंवा नॉर्टन आयात गाडी म्हणून नोंदलेली असेल, तर नेहमीच्या नोंदणीत दहा वर्षांचे ४० हजार होतात आणि व्हिंटेज स्वस्त पडते. सवलत मिळते ती मोठ्या संग्राहकाला, एका गाडीच्या मालकाला नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

अडकले आहेत ते कोण?

या पट्ट्यातील लोकांच्या आठवणी ज्या गाड्यांच्या आहेत, त्यांची वर्षे पाहिली की कोंडी लक्षात येते. बजाज-कावासाकीची केबी १०० ही १९८६ची. यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ची. राजदूत ३५० त्याच्या दोनच वर्षे आधीची. व्हिंटेज होण्यासाठी यातील पहिल्या गाड्यांनाही २०३३ ते २०३६ उजाडेल. आमच्या केबीला २०४१. चाकणच्या कारखान्यातून २००१मध्ये निघालेली पहिली पल्सर २०५१मध्ये व्हिंटेज होईल. तोपर्यंत तिला जादा शुल्काची ‘जुनी गाडी’ म्हणूनच जगायचे आहे. २० ते ५० या तीन दशकांत गाडीला दंडासारखे शुल्क आहे, पण वारशाचा दर्जा नाही.

५० वर्षे पूर्ण केलेल्यांत जावा, सुरुवातीच्या येझदी, जुन्या बुलेट, राजदूत आणि १९७२पासूनचे चेतक येतात. त्यातही बुलेटवाल्यांची एक अडचण आहे. पेट्रोल महाग म्हणून एके काळी अनेकांनी बुलेटला डिझेल इंजिन बसवून घेतले होते. ती गाडी आज कितीही देखणी असली, तरी इंजिन बदलल्यामुळे व्याख्येत बसत नाही.

या शहराचे दुचाकीशी नाते वेगळे का?

दुचाकी ही इथे खरेदी केलेली वस्तू नव्हती, बनवलेली वस्तू होती. आकुर्डीत बजाजचा कारखाना, चिंचवडला कायनेटिकचा, आजूबाजूला त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो शेड. चेतकसाठी देशभर वर्षानुवर्षे प्रतीक्षा असायची, त्या काळात इथल्या एखाद्या घरात स्कूटर असणे म्हणजे घरातील कुणीतरी ती जोडणाऱ्या लाइनवर असण्याचीही शक्यता होती. म्हणून इथे आठवणी निघतात त्या फक्त घाटातील फेरफटक्याच्या नसतात. चेतक सुरू होईना की ती एका बाजूला कलंडवून मग किक मारायची. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. नवख्याला ते हमखास समजायचे नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना पंपावरच्या माणसाने मापात हात राखला, तर पुढच्या चढाला इंजिन जाम. पिस्टन ‘सीझ’ होणे हा शब्द या शहरातील मुलांना इंजिनीअरिंगला जाण्याआधीच माहीत असायचा. मी पहिले उघडे इंजिन कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रावर मांडलेले पाहिले.

आकुर्डीतील वाहन उत्पादन २००७मध्ये थांबले. २०१९मध्ये चेतक हे नाव विजेवर परतले आणि जून २०२२मध्ये त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. जावा २०१८मध्ये परतली, लुना २०२४मध्ये ई-लुना होऊन आली. नावे परतली, पण जुन्या इंजिनांचे सुटे भाग परतले नाहीत. नव्या जावाचे २९३ सीसीचे वॉटर-कूल्ड फोर-स्ट्रोक इंजिन आणि जुन्या जावाचे टू-स्ट्रोक इंजिन यांत एक नटही सारखा असेल तर नवल. कंपन्यांना आठवण विकायची आहे; ज्यांच्याकडे मूळ वस्तू आहे, ते त्या बाजारात गिऱ्हाईक नाहीत.

सुटे भाग मग येतात कुठून?

पुण्यातील नाना पेठ, जुना बाजार आणि ओळखीपाळखी. चिखलीतील कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने हजारो पत्राशेड आणि भंगार गोदामे पाडली, त्यामुळे शहरातील भंगाराचा धंदाही विखुरला. एक जमेची बाजू मात्र याच पट्ट्याची आहे. भोसरी, तळवडे भागांत लेथवर काम करणारा कारागीर शोधावा लागत नाही. सिलिंडर रिबोअर करणे, बुश किंवा स्पिंडल नमुन्यावरून वळवून घेणे ही कामे इथे होतात. इतर शहरांतील शौकिनाला हे सुख नाही. अडते ते रबर, गास्केट, कार्ब्युरेटरचे नाजूक भाग इथे. आणि नेमके तिथेच नवे पेट्रोल घाव घालते.

ई२०मुळे जुन्या इंजिनाला नेमका धोका काय?

समाजमाध्यमांवर याबद्दल बरेच अतिरंजित लिहिले जाते, म्हणून यंत्राच्या अंगाने पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो. ई२० मिश्रणाला सुमारे साडेतेरा. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पितळी जेटचे भोक ठरलेले असते, ते काही ओळखत नाही. परिणामी मिश्रणात इंधन कमी पडते, इंजिन जास्त तापते. फोर-स्ट्रोक गाडी हे बऱ्यापैकी सहन करते. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्याने लांबच्या चढावर पिस्टन जाम होण्याची भीती वाढते. उपाय अवघड नाही : एक-दोन नंबर मोठा जेट बसवायचा, प्लगचा रंग तपासायचा. पांढरट दिसला तर मिश्रण अजून कमी आहे.

दुसरा त्रास उभ्या गाडीला होतो. इथेनॉल हवेतील ओलावा खेचते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात, भेगाळतात. पावसाळ्यात चार महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करणे ही सवय आता महागात पडेल. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवलेले बरे. मायलेजचे म्हणाल, तर नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच अशा दुचाकींची इंधन कार्यक्षमता ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. काही शौकीन १०० ऑक्टेनचे पेट्रोल घेतात, पण ते साध्या पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग आहे.

हेही खरे, की १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले, तेव्हाही जुनी इंजिने संपणार अशी चर्चा होती. ती संपली नाहीत.

नंबरप्लेटवरून नाराजी का?

एप्रिल २०१९पूर्वीच्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक आहे आणि राज्यात तिची मुदत अनेकदा वाढवण्यात आली. दुचाकीला जीएसटी सोडून ४५० रुपये, म्हणजे पैशांचा प्रश्न नाही. जुन्या जावा-बुलेटला पुढच्या मडगार्डवर उभी, वक्र पाटी असते. नवी पुढची पाटी २८५ बाय ४५ मिलिमीटरची सरळ पट्टी. ती बसवायला कुठे तरी भोक पाडावे लागते किंवा क्लॅम्प लावावा लागतो. १९८९पूर्वीच्या, ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी क्रमांकांच्या गाड्यांना आणखी एक काम आहे : तो क्रमांक वाहन पोर्टलवर चढला आहे का, हे आधी पाहणे. नोंद ऑनलाइन नसेल तर पाटीचा अर्जच पुढे सरकत नाही.

मालकांनी आता काय पाहावे?

सर्वप्रथम आरसीवरील वैधतेची तारीख. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ भरून अर्ज करता येतो. गाडी वडिलांच्या वा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर हस्तांतर आधी. आरसीवरील चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे कापसावर थोडे रॉकेल घेऊन पुसून स्वतः वाचावे. गंजाखाली एखादा अंक गेला असेल तर तपासणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. व्हिंटेज नोंदणीची घाई देशी गाडीच्या मालकाला करण्याचे कारण दिसत नाही, विशेषतः गाडी अधूनमधून चालवायची असेल तर. आमच्या केबीचे नूतनीकरण झाले आहे. मोठा जेट अजून मिळालेला नाही.